भिंत म्हणून लावलेलं दार

तीन भिंती नव्या घालायच्या आणि चौथी घराचीच वापरायची, हे मला जेवताना सुचलं. (माझे सगळे घातक निर्णय मला जेवतानाच सुचतात. तोंडात घास असल्यामुळे त्यावर चर्चा होत नाही.) नोकरी गेली होती. परसात एक शेड टाकायची, लोकांच्या मोडक्या खुर्च्या-टेबलं दुरुस्त करायची आणि त्यावर घर चालवायचं, असा बेत होता. अनुभव म्हणाल, तर ऑफिसात मी एकदा साहेबांच्या खुर्चीचं चाक बसवलं होतं. (साहेब पडले ते नंतर. त्याचा आणि माझी नोकरी जाण्याचा काही संबंध नाही, असं मला काढताना आवर्जून सांगण्यात आलं.)

हातात पैसा नव्हता, त्यामुळे एक अख्खी भिंत वाचली याचा मला फारच आनंद झाला.

"त्या भिंतीला खिडकी आहे," बायको म्हणाली.

"असू दे की. शेल्फ झालं फुकटात."

"आईंची खिडकी आहे ती."

"आई आली की तिला पुढच्या खोलीत ठेवू. तिथे टीव्ही आहे."

बायकोने माझ्यापुढचं ताट उचललं. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर तिच्या ताट उचलण्याचा अर्थ मला कळायला हरकत नव्हती.

आई तेव्हा दवाखान्यात होती. पडल्याचं निमित्त झालं, खुब्याचं हाड मोडलं आणि मग एकेक दुखणं सुरू झालं. मागच्या खोलीत तिची खाट त्या खिडकीला लागून होती. तिथून तिने स्वतः लावलेली लिंबोणी दिसायची आणि लिंबोणीपलीकडे गल्ली. गल्लीतून कोण कुणाबरोबर गेलं हे त्यांच्या घरच्यांच्या आधी आईला ठाऊक असायचं.

विटा परवडत नव्हत्या. भंगारवाल्याकडे पाडलेल्या कुठल्याशा इमारतीची दारं पडून होती. "घेऊन जा, जागा अडलीय नुसती," म्हणत त्याने ती मातीमोल भावात दिली. मी तिन्ही भिंती दारांच्याच केल्या. बाजूचं एक दार जायला-यायला ठेवलं, बाकीची खिळे ठोकून बंद केली. वर जुने पत्रे टाकले. आईच्या खिडकीच्या चौकटीत बाहेरून फळी बसवली आणि तिच्यावर खिळ्यांचे डबे मांडले. स्वयंपाकघराचं दार जोरात लागलं की शेड थरथरायची. ती थरथरली की मी घाबरून आणखी मूठभर खिळे ठोकायचो.

मग एका सकाळी डॉक्टरांनी मला कॉरिडॉरमध्ये बोलावलं. त्यांचा आवाज फार मऊ होता. मऊ आवाजात बोलणाऱ्या डॉक्टरची मला भयंकर भीती वाटते.

"आता घरीच न्या त्यांना. काय हवं-नको ते विचारा आणि नाही म्हणू नका."

मी आईजवळ जाऊन बसलो. चादरीखाली ती एवढीशी दिसत होती. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

"आई, आपण घरी जायचंय. तुला काय हवंय ते सांग."

तिने काहीतरी महागाचं मागावं, असं मला मनापासून वाटत होतं. कर्ज काढून आणलं असतं.

"मला काय हवंय आता? माझ्या खिडकीपाशी नेऊन टाक, बास."

"पुढच्या खोलीत टीव्ही आहे," मी म्हणालो. (हे मी खरंच म्हणालो. मरणाच्या दारात असलेल्या आईला.)

"टीव्ही तू बघ. तुला कामधंदा नाही."

अँब्युलन्स दुपारी घरी पोचणार होती. आईपाशी नर्सला बसवून मी धावत घरी आलो आणि हातोडा उचलला.

"शेड पाडायचीय," मी म्हणालो.

"त्याला हातोडा कशाला? शिंकलात तरी पडेल," बायको म्हणाली.

पडली नाही. मी ढकलली, लाथा घातल्या, पहार घालून उचकटून बघितली. बायकोनेही खांदा लावला. जन्मात एवढी एकच गोष्ट माझ्या हातून पक्की झाली होती आणि तीच मोडायची होती. पहार वाकली. माझा अंगठा चेचला. गाडी थांबल्याचा आवाज आला तेव्हा खिडकीतले डबे आणि फळी काढण्यापलीकडे काहीही झालं नव्हतं. बायको पुढे धावली. मला बाहेर यायचं धाडस होईना.

आईला खाटेवर ठेवल्याचं मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. मग "उघड ग ती," असा आवाज आला आणि बायकोने खिडकी उघडली. समोर अंधारात, हातोडा घेऊन मी उभा.

"तू तिथे काय करतोयस?" आईने विचारलं.

"वर्कशॉप आहे."

"कुणाचं?"

"माझं."

"आणि माझी लिंबोणी?"

"आहे ना. त्या दाराच्या पलीकडेच आहे."

"मग दार उघड."

"ते उघडत नाही."

"दार आहे ना ते?"

"आहे. पण भिंत म्हणून लावलंय."

आईने बायकोकडे बघितलं, बायकोने आईकडे. सासू-सुनेचं इतकं एकमत मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

"खिळे काढ," आई म्हणाली.

मी खिळे उपसायला बसलो. स्वतःच ठोकलेले खिळे उपसताना माणसाला स्वतःबद्दल बरंच काही कळतं, आणि त्यातलं काहीही चांगलं नसतं. "खाली एक राहिलाय," आई पलीकडून सांगत होती. "अरे, त्याच्या शेजारी. तिकडे नाही, आंधळ्या." ऊन उतरायला लागलं तेव्हा कुठे दार करकरत उघडलं आणि उजेड थेट तिच्या खाटेपर्यंत गेला. लिंबोणी होती, गल्ली होती. आई एकटक बघत राहिली.

"चुकलं ग माझं, आई."

"जरा बाजूला हो. झाड दिसत नाही."

त्यानंतर ती बहुतेक वेळ औषधांच्या गुंगीतच असायची. जागी असली की दारातून झाड बघायची आणि मध्ये मी असल्यामुळे नाइलाजाने मलाही बघायची.

"तुला काम करताना मी कधी बघितलंच नव्हतं रे," एकदा ती म्हणाली. "सकाळी जायचास, संध्याकाळी यायचास."

मी करवत थांबवली आणि कौतुक ऐकायला कान टवकारले.

"आता कळलं, तुला का काढलं ते."

पहिलं गिऱ्हाईक म्हणून कोपऱ्यावरचा शिंपी आला. त्याच्या खुर्चीचा एक पाय मोडला होता. मी नवा पाय केला. करताना दोन बिघडले, तिसरा जमला. तो बसवत होतो तेव्हा खिडकीतून बारीक आवाज आला.

"पाय उलटा लावतोयस."

"नाही ग, बरोबर आहे."

"उलटा आहे."

"आई, तू पड बघू जरा. धंदा करू दे मला."

मी स्क्रू आवळले आणि खुर्ची जमिनीवर ठेवली. ती डावीकडे कलली.

"उलटाच होता ग," मी हसत म्हणालो आणि वर बघितलं. आईचे डोळे लिंबोणीकडे लागले होते. ते उघडेच होते. मी पुन्हा एकदा म्हणालो, "आई, उलटा होता." कधी नव्हे ते ती मला काही बोलली नाही.

बहीण आली, माझ्या गळ्यात पडून रडली.

"शेवटचं काही बोलली का रे?"

"माझ्या कामाबद्दल बोलली," मी म्हणालो.

"किती जीव होता तिचा तुझ्यावर!" तिला आणखी हुंदके फुटले. "काय म्हणाली?"

माझ्याच्याने सांगवेना. बायकोने डोळे पुसले आणि सांगितलं, "पाय उलटा लावतोयस, म्हणाल्या."

बहीण रडता रडता हसायला लागली. मग बायको. मग मी. आणि मग तिघंही पुन्हा रडलो.

सगळे आपापल्या घरी गेल्यावर मी शेडमध्ये गेलो. तो पाय काढला, फिरवला, पुन्हा बसवला आणि सवयीने खिडकीकडे बघितलं. तिकडून काही आवाज आला नाही, तेव्हा मी धरून चाललो की या वेळी जमलं.

खुर्ची आता उजवीकडे कलते.