टार्ट फक्त जाणाऱ्यांसाठी

आमच्या अकोल्यात अंड्याचा टार्ट खायचा तर खिशात पैसे असून भागत नाही, गाडीचं तिकीट लागतं. बसचं चालेल, रेल्वेचं चालेल, पण आजचं पाहिजे. ते बेकरीवाल्या बशीरचाचांपुढे धरायचं. चाचा कपाळावरचा चष्मा खाली घेतात, तिकीट उजेडाकडे करून बघतात आणि विचारतात, "कुठं चालले?" उत्तर पटलं तर डबा बांधला जातो. नाही पटलं तर खारी घ्या, टोस्ट घ्या, नानकटाई घ्या. टार्टचं नाव काढायचं नाही.

"हे जाणाऱ्यासाठी हाय," चाचा सांगतात. "राहणाऱ्याले काय करायचं हाय त्याचं?"

बस स्टँडसमोर एका दाराची बेकरी आणि राहायला जुन्या शहरात, माझ्या घराला लागून. म्हणजे माझे ते सख्खे शेजारी. चाचांनी दुबईतल्या एका हॉटेलच्या भटारखान्यात बरीच वर्षं काढली. तिथला मुख्य आचारी पोर्तुगालचा. "उस्ताद लाटणं फेकून मारे," चाचा कौतुकाने सांगतात, "पण हात असा होता मास्तर, का मार खाऊनबी शिकाव वाटे." मुलगा तिकडेच नोकरीला लागला, चाचा-चाची परत आले, आणि येताना हा टार्ट घेऊन आले. पापुद्र्यांची कुरकुरीत वाटी, आत अंडं, दूध आणि साखरेचं पिवळंधमक सारण, वर काळपट डाग.

त्या डागांनी सुरुवातीला फार घोटाळा केला. गिऱ्हाइकं "जळलं" म्हणून परत आणायची. एका गृहस्थांनी चाचांच्या डोळ्यांदेखत चमच्याने सगळे डाग खरवडून काढले. चाचांनी त्यांच्या हातातली वाटी काढून घेतली. "जळला नाई, डागला हाय. तो असाच असते. तुमी बिस्किट खा."

पुढे मात्र त्याची चटक लागली. लोक त्याला 'अंड्याची वाटी' म्हणू लागले. अकोल्याहून कुणी निघालं की पुण्याहून, नागपूरहून फोन येणार: येताना वाट्या आण. नांदगाव खंडेश्वरला निघालेल्या एका मावशींनी तर नुसतं 'वाटी' ऐकून, खव्याचा पदार्थ समजून त्याच्यावर संकष्टी सोडली. सुनेने खरं काय ते सांगितलं तेव्हा डबा रिकामा झाला होता. आठवड्याने मावशी तोच डबा घेऊन भांडायला आल्या. भांडून दमल्यावर नवा डबा बांधून घेतला. म्हणाल्या, "हा सुनेसाठी हाय. मी नाई खात."

त्यानंतर पाटीवर कोंबडी पाहिजे असं चाचांनी ठरवलं आणि मला बोलावलं. मी शाळेत ड्रॉइंग शिकवतो. दोन रविवार खर्ची घालून कोंबडी काढली. चाचा रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघून आले. "मास्तर, चांगली हाय," ते म्हणाले, "पण हा मोर अंडे देते का?"

त्या कोंबडीबद्दल मला काय मिळालं असेल? पिशवीभर टोस्ट. टार्ट नाही, कारण मी कुठेच जात नव्हतो. माझी शाळा गल्लीच्या टोकाला आणि सासुरवाडी मोर्णा नदीच्या पलीकडे. अशा माणसाला तिकीट कोण देणार?

शेवटी हट्टाला पेटून मी एक दिवस पातूरच्या गाडीत चढलो, तिकीट काढलं आणि उतरून थेट बेकरी गाठली. चाचांनी तिकीट तपासलं, डबा बांधला. मग दुकान तसंच टाकून मला सोडायला आले. जागा मिळवून दिली, खिडकीशी उभे राहिले आणि गाडी हलेपर्यंत हलले नाहीत. झक मारत पातूरला जावं लागलं. तिथे स्टँडवरच चुलतबहीण भेटली. तिच्याकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? तिच्या पोरांनी डबा चाटूनपुसून साफ केला. दुसऱ्या दिवशी चाचांनी चौकशी केली ती गाडीची. "टाइमावर पोचली ना?"

सारं असं मजेत चाललं होतं. मग स्टँडचं बांधकाम निघालं. समोर पत्र्याचं कुंपण उभं राहिलं आणि गाड्या गावाबाहेरून सुटायला लागल्या. बेकरीपुढून जाणारं माणूसच उरलं नाही. चाचा मात्र सकाळी भट्टी पेटवायचे, ट्रे भरायचे आणि तिकिटांची वाट बघत बसायचे. दुबईहून मुलाचा फोन यायचा की आता बंद करा आणि इकडे या. चाचा म्हणायचे, "पाहू." दुकान गेलं तर हा माणूस दिवसभर करील काय, ही मला काळजी. सगळं जुनं शहर टार्टसाठी जीव टाकत होतं. नियम सोडला असता तर दुपारपर्यंत ट्रे रिकामे झाले असते. चाचा नियम सोडायला तयार नव्हते.

उरलेले टार्ट ते संध्याकाळी घरी परतताना नदीकाठच्या कुत्र्यांना घालत. कुत्री चांगली अंगाने भरली. ते बघून मात्र माझं डोकं फिरलं. शाळा सुटल्यावर तसाच बेकरीत गेलो.

"चाचा, मला तिकीट लागतं आणि कुत्र्यांना लागत नाही? ती कुठं चालली आहेत?"

मला वाटलं, हसतील. चाचा हसले नाहीत. फडक्याने उगाच काउंटर पुसत राहिले.

"पयले इथं बाकडे होते, मास्तर," ते म्हणाले. "तुमी गल्लीत आले त्याच्या आधी, चाची होती तवा. लोकं इथंच बसून खात. ट्रे निघाला का पयला तुकडा तिचा. ती सांगे, आज साखर जास्त झाली, आज कच्चा राहिला, आज जमला. तिनं जमला म्हटलं का मंग विकाचा."

"मग?"

"मंग ती गेली. लोकं येतच होते. रोज येत, बसत, खात, बोलत. एखाद्या दिवशी कोणी नाई आलं का मी दरवाज्याकडेच पाहून राहिलो. काहून नाई आला? बिमार हाय का? रात्री झोप नाई. बसून खाणाऱ्याची सवय लागते माणसाले. जाणाऱ्याचं तसं नाई. तो जाणारच हाय, हे आपल्याले आधीच मालूम असते. म्हणून बाकडे काढून टाकले."

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, त्यांच्या नियमाचे किस्से पाहुण्यांना रंगवून सांगितले, आणि नियम कशासाठी आहे हे एकदाही विचारलं नव्हतं. कोपऱ्यात मैद्याचा पत्र्याचा डबा होता, त्याच्यावर बसलो.

"मी आज कुठंच जात नाही," म्हणालो. "उद्याही जाणार नाही. द्या."

चाचांनी ट्रेमधून एक टार्ट उचलला, भट्टीत गरम केला, बशी शोधली, सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि माझ्या हातात दिली.

मी पहिला घास घेतला. पापुद्रे शर्टावर सांडले. गरम सारण जिभेवर आलं आणि लोक पुण्याहून फोन का करतात ते मला कळलं. चाचा समोर उभे होते. त्यांचे टार्ट कुठे कुठे जाऊन पोचले, पण बाकडी काढल्यापासून त्यांच्यासमोर कुणी खाल्ला नव्हता. शाळेतली पोरं चित्र दाखवायला आणतात तेव्हा माझ्याकडे न बघता कागदाकडे बघतात. चाचा तसे बशीकडे बघत होते.

"कसा झाला?" त्यांनी हळूच विचारलं.

फार छान म्हणणार होतो. पण तसं तर कुणीही म्हणालं असतं.

"साखर जरा जास्त आहे," मी म्हणालो. खरंच होती.

चाचांनी दुसरा टार्ट उचलला, अर्धा तोडून तोंडात टाकला आणि डोळे मिटून चघळत राहिले. डोळे उघडले तेव्हा ते ओले होते.

"हो, जास्तच हाय," ते म्हणाले. "उद्या कमी टाकतो. येऊन सांगजा."