घड्याळजीचे डोळे कोणाकडचे?

माणसात जे चांगलं असतं ते वडिलांकडून येतं आणि जे बिघडतं ते आईकडून, हे तत्त्व वडिलांकडच्या सर्व नातेवाइकांना मान्य आहे. विज्ञानाला ते मान्य व्हायला उशीर लागला, इतकंच.

आमच्या ओळखीचा एक घड्याळजी चाळिशीला आला तोवर त्याला फक्त समोरचं दिसत होतं. कडेचं दिसेनासं झालं होतं. हे अकरा वर्षं कोणाच्याही लक्षात आलं नाही, कारण त्याच्या धंद्यात नाण्याएवढ्या वर्तुळापलीकडे बघणं हा वेळेचा अपव्यय समजतात. तो स्टुलांना धडकायचा (दरमहा सरासरी सात, तिपाई धरलेली नाही). शेवटी त्याने दुकानातल्या कोट अडकवायच्या खांबाला "या, बसा" म्हटलं, तेव्हा बायको त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. सोबत आत्याही गेली, कारण ती सगळीकडेच जाते.

डॉक्टर म्हणाले, "डोळ्याचा पडदा झिजतोय. आनुवंशिक आहे. पेशीत ऊर्जा तयार करणारी बारीक वीजघरं असतात, मायटोकॉन्ड्रिया. तिथं गडबड दिसते. या वीजघरांची स्वतःची थोडी जनुकं असतात, ती फक्त आईकडून येतात. तपासू, मग कळेल."

"फक्त आईकडून" एवढं ऐकून आत्या उठली. (उरलेलं वाक्य तिने डॉक्टरांच्या जबाबदारीवर सोडलं.)

त्याच रविवारी घड्याळजीच्या घरी बैठक भरली. उपस्थिती चौदा, खुर्च्या नऊ, संशयित एक: घड्याळजीची आई, जी सगळ्यांसाठी चहा करत होती. बहुमताने ठरलं की नाक, उंची आणि अक्षर वडिलांकडेच राहील. डोळे मात्र पूर्वलक्षी प्रभावाने आईच्या माहेरी वर्ग करण्यात येत आहेत.

"डोळे अगदी आत्यावर गेलेत, असं तुम्हीच म्हणायचात ना वन्सं?" आई आतून म्हणाली.

"ते रंगाबद्दल," आत्या म्हणाली.

मामाने माहेरचे डोळे ठणठणीत असल्याचं सिद्ध करायला पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर घडाघडा वाचलं. (ते गेल्या वर्षीचं होतं, हे तेवढं त्याला वाचता आलं नाही.)

महिन्याने अहवाल आला. तो समजावून सांगणाऱ्या दवाखान्यातल्या बाईंसमोर सगळेच जाऊन बसले.

"आईकडून येणारी ती जनुकं स्वच्छ आहेत," बाई म्हणाल्या. "पण वीजघरांची बहुतेक यंत्रसामग्री पेशीच्या केंद्रातल्या जनुकांवरून बनते, आणि ती दोघांकडून येतात. यांच्यात एका जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्यात. एक आईची, एक वडिलांची."

"म्हणजे निम्मं-निम्मं?" वडिलांनी विचारलं.

"बरोब्बर."

आईवडिलांच्या लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. दोन्ही घराणी बरोबरीत सुटायची ही पहिलीच वेळ. आत्याने आशा सोडली नाही. "आमच्याकडचं निम्मं जरा सौम्य असेल ना हो?"

मामा फिस्सकन हसला, आत्या भडकली, आणि त्या गदारोळात घड्याळजीने विचारलं, "मला अजून किती वर्षं दिसेल?"

ते फक्त बायकोने आणि बाईंनी ऐकलं.

"नक्की नाही सांगता येत," बाई हळूच म्हणाल्या. "मधलं दिसणं बहुधा बराच काळ टिकतं. दरवर्षी दाखवा. आणि पांढरी काठी आत्ताच शिकून घ्या, गरज पडायच्या आधी."

काठी तो दोन महिन्यांत शिकला. दुकान चालू आहे, घड्याळं दिलेल्या दिवशी मिळतात.

तुम्ही सुज्ञ आहात. आत्यासारखं कोणाकडे बोट दाखवणं तुम्हाला शोभत नाही. तुमच्या मुलाला लागलेला चष्मा कोणाकडचा, एवढंच तुम्ही मघाशी, मनातल्या मनात, ठरवून टाकलंत. आणि तो तुमच्याकडचा नाही.