त्रेसष्ट वेळा 'मारा'

माझ्या पुस्तकात आक्षेपार्ह असं एक अक्षर जरी सापडलं, तरी मी नाव बदलीन, असं मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगत होते! आणि का सांगू नये? चव्वेचाळीस पानांचं पुस्तक, नाव 'बाळाला हाक मारा', विषय तान्ह्याशी कसं बोलावं, कसं खेळावं. आमच्या आठ महिन्यांच्या गुंड्याच्या झोपेत, म्हणजे वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत लिहिलेलं. त्यात मी मुळातच धास्तावलेली बाई. गुंड्या गाढ झोपला, की श्वास चालू आहे ना म्हणून त्याच्या नाकाखाली बोट धरते, आणि त्या बोटानं तो जागा झाला, की हा एवढ्यात का उठला म्हणून काळजी करते. अशा बाईचं पुस्तक म्हणजे दुधाच्या बाटलीसारखं, वीस मिनिटं उकळून निर्जंतुक केलेलं!

सोमवारी ते ऑनलाइन दुकानात चढलं. सासूबाईंनी झाडून सगळ्या नातेवाइकांना कळवलं.

मंगळवारी ते उतरलं.

कारण लिहिलं होतं : 'बालकांविरुद्ध हिंसेस उत्तेजन.'

मी तीनदा वाचलं. मग गुंड्याकडे पाहिलं. तो माझी चप्पल चघळत होता. ती काढून घेतली, धुतली (चप्पल नव्हे, गुंड्याची जीभ), आणि दुकानाच्या मदतखिडकीत तावातावानं लिहायला बसले. पलीकडे माणूस नव्हता, यंत्र होतं. पण लाघवी इतकं, की असा जावई मिळावा!

"आपल्या पुस्तकात 'मारा' व तत्सम शब्द त्रेसष्ट वेळा आढळले," ते म्हणालं.

"अहो, ते 'मिठी मारा' असं आहे!"

"मारा. नोंद केली."

"हाक मारा! गप्पा मारा! पोटावर फुंकर मारा!"

"पोटावर मारा. नोंद केली. ही बाब गंभीर आहे."

"पान सात उघडा. काय लिहिलंय? लांबून शिट्टी मारा, बाळ मान वळवतं!"

"मान. मारा. नोंद केली."

मी हात आखडता घेतला. आणखी दोन वाक्यं लिहिली असती, तर दाराशी पोलीस आले असते.

शेवटी निकाल आला. शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत सुधारित प्रत द्यावी, ही शेवटची संधी, त्यानंतर आपले खाते कायमचे बंद.

कायमचे! तुम्हाला म्हणून सांगते, गुंड्या झाल्यापासून मी एकही गोष्ट पुरती केली नव्हती. चहासुद्धा अर्धाच होतो, उरलेला निवतो. हे एवढं एक पुस्तक मी शेवटच्या पूर्णविरामापर्यंत नेलं होतं, आणि तेही आता निवणार!

त्यात सासूबाई आल्या. "अगं, शेजारीण विचारत होती, सूनबाईचं पुस्तक दिसत नाही ते? मी सांगितलं, संपलं!"

"संपलं म्हणजे?"

"म्हणजे हातोहात खपलं! ती शनिवारी परत बघणार आहे. तोवर काय ते मार्गी लाव बाई, माझी जीभ अडकलीय त्यात."

मी एकेक 'मारा' हातानं उपटायला घेतला. पण गुंड्याला दात येत होते. तो रडला की मी उठायचे, तो थांबला की का थांबला म्हणून उठायचे. शुक्रवारी दुपारी मी अकराव्या पानावर होते.

आणि नवरा दोन तिकिटं घेऊन आला!

"चल सिनेमाला. तीनचा खेळ आहे. साडेपाचला घरी."

"अरे, सहाला माझं खातं बंद होतंय!"

"चार दिवस तू पिंजऱ्यातल्या वाघिणीसारखी फेऱ्या घालतेयस. जरा डोकं शांत कर, मग सुचेल. आई बघेल गुंड्याला. आणि हा सिनेमा चुकवायचा नसतो. सगळीकडे हवा आहे!"

हवा होतीच. ज्या दुकानानं मला हाकललं, त्याच्याच पहिल्या पानावर या सिनेमाची तिकिटं विकायला होती. नायकाच्या हातात कुऱ्हाड, डोळ्यांत अंगार, आणि खाली रक्तासारख्या लाल अक्षरांत सिनेमाचं नाव : 'मारा! मारा! मारा!' त्याचे तीन मारा दर्शनी काचेत, माझे त्रेसष्ट कचऱ्याच्या डब्यात!

गेले. हातानं उपटलेली प्रत घरच्या संगणकात राहिली, फोनमध्ये मूळ पुस्तक होतं, ते घेऊन गेले.

सिनेमा सुरू झाला. नायकानं कुऱ्हाड उचलली. मी डोळ्यांवर हात धरला. बोटांच्या फटीतून बघते तर त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली होती आणि तो खिडकीबाहेर बघत होता. पाच मिनिटं तो बघत होता आणि आम्ही त्याला बघत होतो. मग खलनायक आला. आता होणार! दोघं समोरासमोर बसले आणि लहानपणच्या आठवणी काढू लागले.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन. मी खुर्चीत वाकून कुजबुजले, "अहो आई, काय झालं? रडतोय का?"

"नाही गं. हसतोय."

"का?"

"हसतोय तर आनंदच आहे ना! तू सिनेमा बघ."

कसला बघतेय! पाच वाजून वीस मिनिटं झाली, तरी नायक बोलतच होता. मी नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "कधी संपणार?"

"आता शेवटी मोठी मारामारी असेल," तो जांभई दाबत म्हणाला. "पैसे वसूल करून जाऊ."

पावणेसहा झाले. घरी पोचणं शक्यच नव्हतं. फोनची बॅटरी चार टक्के. मी घामाघूम झाले, आणि घाबरलेल्या माणसाला जी सुचते ती अक्कल मला सुचली. शोधा आणि बदला! 'मार' दिसेल तिथे 'कर' घाला. मिठी करा, हाक करा, गप्पा करा! व्याकरण गेलं चुलीत, खातं तर वाचेल!

एक बटण दाबलं. फोन म्हणाला, 'बाहत्तर बदल झाले.'

बाहत्तर? यंत्रानं तर त्रेसष्ट म्हटलं होतं. नऊ जास्त कुठून आले? एरवी अशा नऊंपायी मी नऊ दिवस झोपले नसते. पण बॅटरी दोन टक्के होती, आणि मागच्या रांगेतले एक काका कानात ओरडले, "अहो ताई, तो उजेड बंद करा! झोपमोड होते!"

पाठवून दिलं. पाच अठ्ठावन्न. फोनचं प्राणोत्क्रमण झालं. त्याच क्षणी पडद्यावर नायक आणि खलनायक गळ्यात गळे घालून रडले आणि दिवे लागले.

"हे काय!" नवरा उसळलाच. "अख्ख्या सिनेमात यानं केलं काय? फेऱ्या मारल्या, गप्पा मारल्या, एकदा डोळा मारला, शेवटी मिठी मारली. एक मुस्कटात नाही मारली कोणाच्या! फसवणूक आहे ही, शुद्ध फसवणूक!"

माझं पुस्तकच बघून आला होता की बिचारा! सिनेमावाल्यांनी माझ्या पुस्तकाचं नाव घेतलं असतं आणि मी त्यांच्या सिनेमाचं, तर दोघांचं कल्याण झालं असतं.

शनिवारी सकाळी सासूबाई फोन नाचवत आल्या. "आलं गं परत! शेजारणीनं विकतसुद्धा घेतलं!"

मी आनंदानं उडीच मार... केली. दुकानाचा निकाल उघडला. 'हिंसक मजकूर आढळला नाही. अभिनंदन.' आणि त्याखाली : 'विभाग : पाककला.'

पाककला?

शेजारी चित्रासकट सूचना होती : 'या पुस्तकासोबत ग्राहकांनी हेही पाहिले : सुऱ्यांचा संच.'

मी भराभर पानं सरकवत शेवटचं प्रकरण उघडलं. मूल मोठं होताना आईनं काय करावं, ते मी फार जीव ओतून लिहिलं होतं. नाव होतं 'तान्हं कुमार होतं तेव्हा'. आता तिथे होतं :

'तान्हं कुकर होतं तेव्हा. कुकर आतल्या आत धुमसतो. घाईनं झाकण उघडायला जाऊ नका. वाफ आपोआप जाऊ द्या. आणि कितीही तापलेला असला, तरी कुकराला घट्ट मिठी करा.'

नऊचा हिशेब लागला.

"आई," मी कसंबसं म्हटलं, "शेजारणीनं वाचलं का हो?"

"वाचलं की! म्हणाली, सुरुवातीला बाळाबिळाचं जरा पाल्हाळ आहे, पण शेवट उपयोगाचा आहे."

"आता परत दुरुस्त करून पाठव," नवरा म्हणाला.

"कसं पाठवू? पहिल्यांदा यंत्राच्या नजरेतून सुटला असेल, पण कुमार परत आणला, की त्याच्या पोटात 'मार' आहेच! आणि यंत्राचा हात कायम पोटावर!"

एवढ्यात पहिला अभिप्राय आला. शेजारणीचाच. एक तारा. 'लेखिकेच्या भरवशावर कुकराला मिठी केली. हात भाजला. पुढे काय करावे ते पुस्तकात दिलेले नाही.'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोणाला काही लागलं-भाजलं, की मला राहवत नाही, स्वभावच तसा. ताबडतोब खाली उत्तर लिहिलं, "थंड पाण्याखाली धरा आणि हळूच फुंकर मारा."

तीन सेकंदांत खातं बंद झालं.

कायमचं!

चहा मात्र त्या दिवशी पूर्ण प्यायले. दुसरं काही काम उरलं नव्हतं.