सात गडांच्या किल्ल्यांची हकिकत

श्रीस वंदन करून आणि जे गेले त्यांचे स्मरण करून, ऐकिले तैसे लिहिले आहे. पदरचे घातले नाही. शके सोळाशे एकुणसाठ, पिंगल नाम संवत्सरी, एका राज्यात सात गड होते आणि प्रत्येक गडाचे कोठार निराळे, प्रत्येकाची रीत निराळी. एका गडावर जोंधळ्यास किडे पडत आणि शेजारच्या गडावर लोक कण्या खाऊन राहत. एका गडाचा हवालदार तेल विकून मोकळा होई आणि दुसऱ्याच्या दरवाज्यावर दिवा नसे. मग महाराजांनी अंताजीपंतांस बोलावून कारखानिशी सांगितली, म्हणजे सर्व गडांच्या सामानाची निगा त्यांजकडे दिली. पंत कामास कठोर आणि हाताचे स्वच्छ. त्यांनी सातही कोठारांच्या किल्ल्या राजधानीस आणविल्या आणि हुकूम केला की धान्य, तेल, दोर, चुना, आणि रोजच्या पिण्यापलीकडचे टाक्याचे पाणीसुद्धा, पंतांच्या आज्ञेवाचून कोणी काढू नये. हवालदारांत सुभानजी ढमाले तोंडाचा फटकळ. तो भरल्या सदरेत बोलिला, "पंत, मला शिंक आली तर कुणाला पुसू?" पंत म्हणाले, "शिंक तुमची, हवालदार. रुमाल मात्र सरकारचा." सदर हसली, महाराजही हसले. आणि खरे सांगावे तर बंदोबस्त उत्तम झाला. एका गडाचे उरले ते दुसऱ्यास मिळू लागले, चोऱ्या थांबल्या, कोणी उपाशी निजेना. महाराज संतोष पावले आणि पंतांस वस्त्रे दिली.

पंतांचे घरही याच रीतीने चाले. त्यांची स्त्री भिऊबाई, घरातील सर्व किल्ल्या तिच्या कमरेस, आणि कोणत्या बरणीत काय, कोणास ताक किती, पाहुण्यास कोणते लोणचे, हे तिच्या एकटीच्या ध्यानात. पंत म्हणत, "राज्य चालविण्याची विद्या मी घरात शिकलो." ती मार्गशीर्षात तापाने गेली. पंतांनी डोळ्यांतून पाणी काढिले नाही, कामावर जात राहिले. आणि मग असे झाले की सून सगुणा रोज सकाळी दारात उभी राहून पुसे, "मामंजी, आज भाजी कोणती करू?" पंत सांगत, "ती आजच्या वारी करीत असे तीच कर." सगुणा तशीच करी, फोडणीही तीच, मीठही तेवढेच, आणि पंत खाली मान घालून जेवीत तेव्हा त्यांस वाटे की ती अजून आत चुलीपाशीच आहे. एके दिवशी कामाच्या घाईत त्रासून ते म्हणाले, "अगं, दहा वर्षे झाली तुला या घरात. भाजीसुद्धा मी सांगायची?" सगुणा म्हणाली, "न विचारता कधी केलीच नाही, मामंजी. एकदा केली होती, तर सासूबाईंनी पातेले उचलून गोठ्यात नेले. मग विचारूनच करू लागले. आता विचारल्याशिवाय हातच उचलत नाही."

त्याच आठवड्यात सुभानजीच्या गडावरून जासूद दौडत आला. घोडे फेसाळलेले, जासुदास धाप लागलेली. "सरकार, गवताच्या गंजीस आग लागली. हवालदार पुसतात, टाक्याचे पाणी घ्यावे की न घ्यावे?" पंत म्हणाले, "तू निघालास तेव्हा आग कोठवर होती?" "पागेच्या कुडाला भिडत होती जी." "आणि आता?" जासूद म्हणाला, "आताचं मी काय सांगू? मी तर हितं आलो." पंत उठून उभे राहिले. दुसरे दिवशी वर्तमान आले की पागा जळाली, आणि घोडी सोडविण्यास आत शिरलेला गंगाजी मोतद्दार भाजून मेला. महाराज क्रोधायमान झाले आणि आज्ञा केली की सुभानजीचा कडेलोट करावा.

सुभानजीस बांधून सदरेत आणिले. महाराज म्हणाले, "घर जळते आणि पाणी ओतावयास आज्ञा मागतोस? तू मर्द की कोण?" सुभानजीची मान खाली होती, ती त्याने वर केली. "महाराज, मागल्या पावसात तट ढासळला तवा मी न पुसता कुलूप तोडून चुना काढला, तर माझी सालाची नेमणूक कापली. औंदा पुसलं तर आयुष्यच कापता. कसं वागावं ते तरी एकदा ठरवा, आणि मग खुशाल ढकला." नेमणूक कापणारे पंतच होते. ते गप्प बसते तर त्यांचा बंदोबस्त राहता, मान राहता, आणि एक ढमाले तेवढा जाता. पंत उठले, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून महाराजांपुढे ठेविला आणि म्हणाले, "हा मनुष्य असा नव्हता. असा मी केला. कोणत्या गडास काय कमी आणि कोठे काय जास्त, हे राजधानीने पाहावे, ते येथूनच दिसते. पण आग गडावर लागते. कोठार आणि पाणी ज्याचे त्यास द्यावे." महाराज म्हणाले, "पुन्हा चोऱ्या होतील." पंत म्हणाले, "होतील. चोर धरता येतो. गंगाजी कोठून आणावा?" महाराजांनी बराच विचार केला, मग सुभानजीच्या दोऱ्या सोडविल्या आणि गंगाजीच्या घरी जन्मभर धान्य पोचविण्याची जोखीम पंत व सुभानजी दोघांवर घातली. सुभानजीने आपली किल्ली हातात घेतली, उलटीसुलटी पाहिली आणि सवयीने पुसले, "पंत, आधी काय उघडू?" पंतांच्या ओठांवर उत्तर आले होते. त्यांनी ते गिळिले. सुभानजी वाट पाहून पाहून वैतागला, "अहो, बोला की!" आणि मग एकाएकी उमजून म्हणाला, "बरं. बघतो माझं मी." आणि गेला.

पंत घरी आले. सकाळी सगुणा दारात उभी राहिली, "मामंजी, आज भाजी?" पंत पोथी वाचीत राहिले. ती बराच वेळ उभी होती. मग आत गेली, आणि भांडी वाजली ती निराळी वाजली. पानावर केळफुलाची भाजी आली, सगुणेच्या तळकोकणातल्या माहेरची, वर ओले खोबरे, मीठ थोडे जास्त. पंतांनी पहिला घास घेतला. त्या घरात अशी चव कधी झाली नव्हती. तेव्हा त्यांस कळले की भिऊबाई खरोखरच गेली, आणि मार्गशीर्षापासून अडलेले पाणी डोळ्यांतून पानावर पडले. सगुणा घाबरली, "बिघडली का हो? काढून ठेवू?" पंतांनी मान हालविली आणि पान पुढे करून म्हणाले, "थोडी आणखी वाढ."

याप्रमाणे त्या राज्यात किल्ल्या ज्याच्या त्यास पावल्या. पुढे चोऱ्या थोड्या झाल्या, आगीही लागल्या, त्या तेथल्या तेथे विझविल्या. इतके वर्तमान ठाऊक होते, तितके लिहिले.