वर्ग तुमचा, फ्यूज माझा

मी विज्ञानाचा मास्तर. आणि मुलांच्या हाती वर्ग सोपवणारा आमच्या शाळेतला पहिला मास्तरही मीच! सोमवारी फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘आजपासून वर्ग तुमचा. काय शिकायचं, कसं शिकायचं, तुम्ही ठरवा. जबाबदारीही तुमची.’ खाली झोकात सही ठोकली.

मुख्याध्यापिका बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “शुक्रवारी येऊन बघीन. मुलं शिकलेली दिसली तर ठीक. नाहीतर प्रयोग बंद!”

मला वाटलं, मंगळवारपर्यंत कार्टी शरण येतील. ती कसली येतात! त्यांनी चौकशी समितीच नेमली. विषय, विजेचा धडा कुणालाच का कळत नाही? बुधवारी अहवाल आला. वाचायला उभी राहिली ती वकिलीण. प्रत्येक गोष्टीत वाद घालते म्हणून वर्गानेच तिला हे नाव दिलंय.

“सर, एक्केचाळीस जणांना विचारलं. धडा सोपा आहे.”

“मग अडतं कुठे?”

“तुम्ही शिकवायला लागलात की अवघड होतो.”

मी घोटभर पाणी प्यालो.

“सर, तुम्ही स्वतः कधी बल्ब जोडलाय?”

“बावीस वर्षं शिकवतोय मी!”

“ते नाही विचारलं, सर.”

झालं! बहुमताने ठराव झाला, सरांनाही शिकवायचं. माझी रवानगी शेवटच्या बाकावर. तिथे गुडघे मावत नाहीत आणि फळा अर्धाच दिसतो, हे बावीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं म्हणा.

दिसेल ती वस्तू उघडून बसणारा खुडबुड्या माझा मास्तर झाला. पोरगा भलताच कडक! “सर, दोन तारा एकमेकींना चिकटू द्यायच्या नाहीत. कळलं का? परत सांगा.” मी परत सांगितलं. दहा वेळा!

शुक्रवारी बाई दारात उभ्या. मी होल्डर जोडला आणि ऐटीत प्लग उचलला.

“सर, थांबा! आधी तपासू द्या!” खुडबुड्या ओरडला.

“अरे, मला शिकवतोस?”

फट्ट! बल्ब नाही, पंखे नाहीत. सगळ्या शाळेची वीज गेली! शेजारच्या वर्गात टाळ्या पडल्या.

“हे कुणी केलं?” बाई कडाडल्या.

मी प्लग उपसून हळूच पाठीमागे लपवला. तेवढ्यात अख्खा वर्ग उभा राहिला. वकिलीण म्हणाली, “आम्ही, बाई. वर्ग आमचा आहे.”

खरं सांगतो, इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. “नाही, बाई,” मी पुटपुटलो, “मी केलं.”

खुडबुड्या शिपाईमामांना घेऊन फ्यूज बसवायला धावला. तोवर वकिलिणीने शॉर्ट सर्किट म्हणजे काय ते बाईंना चार वाक्यांत समजावलं. बाईंना पहिल्या फटक्यात कळलं! पंखे फिरले तशा बाई हसल्या.

“वर्ग पास. प्रयोग चालू ठेवा. आणि सर?”

वर्गाने मतदान घेतलं. मी नापास! वर प्रगतिपुस्तकावर पालकांची सही आणायचा हुकूम.

घरी बायकोने ते दोनदा वाचलं, सही केली आणि शेरा लिहिला, ‘घरचे बल्ब मीच बदलते. अजिबात सवलत देऊ नये.’

सोमवारी फेरपरीक्षा आहे. या वेळी पास होणार म्हणजे होणारच! घरच्या दिव्यांवर सराव जोरात चालू आहे. एवढं मात्र मेणबत्तीच्या उजेडात लिहितोय.