मनीषनगरातली तूर

देवरावकाकांना पत्ता विचारला की ते पीक सांगतात. पार्सलवाल्याचा फोन आला की खिडकीत उभे राहून सुरू, "संत्र्याच्या बगिच्यातून सीधा ये, नाला ओलांडला का तुरीत तिसरी बिल्डिंग!" मनीषनगरात आता बगीचा नाही, नालाही नाही. पार्सल परत जातं.

काका सरकारी मोजणी खात्यात होते. इथल्या शेतांचे प्लॉट त्यांनीच पाडले. त्यामुळे त्यांचा शेजारी मी तुरीत राहतो आणि आमच्या सोसायटीचे चेअरमन बुजवलेल्या विहिरीत, हे त्यांना तोंडपाठ. चेअरमनना ते मुळीच आवडत नाही. एकदा पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी भरलं आणि चेअरमन पंप लावायला धावले. काका छत्री घेऊन खाली आले. "पाणी आपल्या घरी आलं गा. त्याले काहून हाकलून राहिले?"

कशावरही त्यांचा एकच मोजणीवाला निकाल, "मौक्यावर पाहा!" म्हणजे प्रत्यक्ष जागेवर. मोबाइलने पाऊस सांगितला तरी काका गच्चीवर जाऊन आभाळ तपासणार. डॉक्टरांनाही म्हणाले होते, "रिपोर्ट ठेवा बाजूले. पेशंट समोर बसून हाय, मौक्यावर पाहा!"

काकू जाऊन तीन वर्षं झाली, मुलगी बंगळूरला. काका घरात एकटेच. म्हणून या हिवाळ्यात मी त्यांना सातपुड्यात जंगल पाहायला चला म्हटलं. तीनदा नाही म्हणाले. निघायच्या सकाळी मात्र इस्त्रीचा सदरा घालून माझ्या दारात हजर.

घाट उतरून जिप्सी एका दरीत आली. पुरुषभर गवत, मधून वाहता ओढा, चितळांचा कळप. गाइड सांगू लागला, "इथं पहिले गाव होतं. ते बाहेर हलवलं, मग गवत वाढलं. गवतामागं चितळं आली, चितळांमागं वाघ."

"गाडी थांबव बाप्पा," काका म्हणाले.

सगळे वाघ शोधू लागले. काका नुसत्या गवताकडे पाहत होते.

"हे गाव हलवाच्या आधी म्याच मोजलं होतं," ते मला हळूच म्हणाले. "वढ्याकाठचं शेवटलं घर तुह्या काकूचं माहेर."

मी विचारलं, "काकू रागावल्या नाहीत?"

"नाही गा. मोजणीले निघालो तं भाकर बांधून देल्ली. मंग तिचे भाऊ चार दिशेले पांगले. त्या दिवाळीले तिनं बॅग भरली, दारात बसली, अन् मले म्हणे, 'आता कोणत्या गाडीत बसू?'"

गाइडने घड्याळ पाहिलं. काकांचं लक्ष नव्हतं.

"जंगल बाकी झ्याक झालं," ते म्हणाले. "आमच्या वक्ती हा वढा दिवाळीलेच सुकत होता. आता पाहा कसा वाहून राहिला."

एवढ्यात गवतातून एक चितळ पुढे आलं आणि मान उंचावून आमच्याकडे पाहत राहिलं. काका सावरून बसले. जावई सासुरवाडीच्या अंगणात शिरताना करतो तसा त्यांनी सदरा नीट केला, गळ्याचं बटण लावलं, आणि त्या रिकाम्या गवताला हात जोडले.

"रामराम," ते म्हणाले. "एकटाच आलो."