आखाजीचं बुकिंग

गुरुवार, दहा एप्रिल. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी असोद्याच्या स्वप्नीलच्या फोनवर बुकिंग आले. माणसे दोन, देश नॉर्वे, मुक्काम सत्तावीस एप्रिल ते दोन मे, खोल्या दोन्ही.

केळीच्या बागेच्या कडेला दोन खोल्या बांधून स्वप्नीलने शेतमुक्काम सुरू केला, त्याला चौदा महिने झाले होते. एवढ्या काळात तिथे नाशिकचे एक कुटुंब, ठिबकच्या नळ्या विकणारे दोघे आणि स्वप्नीलचे मामा राहून गेले होते. परदेशी पाहुणे पहिलेच. त्याने चहाच्या आधी ही बातमी आईला, बायकोला आणि दारावरून जाणाऱ्या तिघांना सांगितली. तारखा त्याने चहा पिताना नीट पाहिल्या आणि कप खाली ठेवला.

तीस एप्रिलला आखाजी होती. अक्षय्य तृतीयेचा हा सण खानदेशात लेकींचा. सासरच्या मुली माहेरी जातात, निंबाला झोके बांधतात, आमरस खातात आणि काम करत नाहीत. स्वप्नीलची बायको दिपमाला तीन वर्षे शिंदखेड्याला माहेरी जाऊ शकली नव्हती. पहिल्या वर्षी सासूबाईंच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन निघाले, दुसऱ्या वर्षी खोल्यांचा स्लॅब, तिसऱ्या वर्षी नणंदेचे डोहाळजेवण. यंदाची बॅग तिने गुढीपाडव्यालाच भरली होती.

शिवाय त्या आठवड्यात पारा चव्वेचाळीसच्या खाली येत नाही. स्वप्नीलने पाहुण्यांना हे प्रामाणिकपणे कळवले. उत्तर वीस मिनिटांत आले. लिहिणाऱ्या इंग्रिडबाई निवृत्त ग्रंथपाल, नवरा ओलाव निवृत्त भूमापक. त्यांच्या गावात हिवाळ्यात दोन महिने सूर्यच उगवत नाही, त्यामुळे उष्ण देशात जायचे आधीच ठरले होते. कधी जायचे, याचा अभ्यास दोघांनी पूर्ण हिवाळाभर केला. संकेतस्थळावरची एकोणीस ठिकाणांची पाने वाचली. अठरा जणांनी लिहिले होते, थंडीत या. फक्त तुम्ही उन्हाळ्यात बोलावता आणि कारणेही देता, असे बाईंचे म्हणणे होते. ज्याला फसवायचे असते तो असे लिहीत नाही.

स्वप्नीलने आपलेच पान पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचले. नोंदणीच्या अर्जातले एकवीस रकाने त्याने भरले होते. बाविसावा त्याने, मोटर चालू करायला जायचे म्हणून, दिपमालावर सोपवला होता. सर्वांत चांगला मोसम कोणता, या प्रश्नापुढे लिहिले होते: ‘आखाजी. सगळ्यांचे मन आनंदात असते. झोके, सांजोऱ्या, आमरस. कोणी कोणाला काम सांगत नाही. रात्री अंगणात झोपायला मिळते.’

“हे तू लिहिलंस?”

“विचारलं होतं सर्वांत चांगला मोसम कोणता. मग काय पौष लिहू?”

“अगं, पाहुण्यांसाठी विचारलं होतं.”

“तसं लिहिलेलं नव्हतं.”

त्याने पाहिले. खरोखरच तसे लिहिलेले नव्हते.

“तिचं चुकलं काय?” ओट्यावरून यशोदाबाई सुनेच्या बाजूने बोलल्या. “मला विचारलं असतं तर मीबी तेच लिहिलं असतं.” मग आखाजीनंतर लगेच पापडाचे पीठ भिजवायचे आहे आणि तेव्हा दिपमाला घरात हवी, हेही त्यांनी त्याच दमात सांगून ठेवले.

बुकिंग आपण मोडले तर पान तीन महिने बंद, असा संकेतस्थळाचा नियम होता. म्हणजे पाहुण्यांनीच मोडायला हवे. स्वप्नीलने त्यांना गेल्या वर्षीच्या तापमानाचा तक्ता पाठवला. ओलावसाहेबांनी त्याचा आलेख काढून परत पाठवला आणि दोन टोप्या घेतल्याचे कळवले. स्वप्नीलने भर दुपारी दोन वाजता निर्मनुष्य रस्त्याचा फोटो पाठवला. इतकी शांतता आमच्याकडेही नाही, असे उत्तर आले. शेवटी त्याने डिसेंबरातल्या भरीत पार्टीचा फोटो पाठवला. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी, शेतात बसलेली पंगत. हे पाहायला थंडीत यावे, असे त्याने आग्रहाने लिहिले. थंडीतही नक्की येऊ, असे बाईंनी कळवले. एवढ्या आपुलकीने लिहिणाऱ्या माणसाकडे पाच रात्री कमी पडतील, म्हणून त्यांनी मुक्काम चार मेपर्यंत वाढवला.

त्यानंतर स्वप्नीलने पाहुण्यांना लिहिणे बंद केले आणि बायकोशी बोलायला घेतले.

“यंदा राहून घे. पुढच्या वर्षी पंधरा दिवस जा.”

“तीन वर्षं पुढचंच वर्ष चाललंय.”

एवढे बोलून ती केळीला पाणी द्यायला गेली. बॅग तिने रिकामी केली नाही, आणि न्यायला मुराळी पाठवू नका असे माहेरी कळवलेही नाही. हे दुसरे स्वप्नीलला माहीत नव्हते.

सत्तावीस तारखेला सकाळी अकराला पाहुणे आले. सव्वाबाराला वीज गेली. खोल्यांतले दोन्ही कूलर थांबले. ओलावसाहेब घोरतात म्हणून दोघांनी स्वतंत्र खोल्या घेतल्या होत्या, पण आता दोघेही ओले टॉवेल डोक्यावर घेऊन एकाच पडवीत बसले होते. एक वाजता स्वप्नीलची बहीण हेमांगी धुळ्याहून दोन मुलांना घेऊन आखाजीसाठी माहेरी आली. नव्या खोल्या पाहुण्यांना दिल्या हे ऐकून तिने भावाशी बोलणे सोडले.

पाहुण्यांची तक्रार उन्हाबद्दल नव्हती. इंग्रिडबाईंनी तीन वेळा विचारले, झोके कुठे आहेत. स्वप्नीलने बाग दाखवली, ठिबक दाखवले, केळीचे वेफर्स दिले. ओलावसाहेबांनी अर्ध्या बागेच्या ओळी मोजल्यावर बाई पुन्हा म्हणाल्या, की झोके.

चार वाजता दारात जीप थांबली. दिपमालाचा भाऊ भिकन उतरला. त्याने ओसरीवरचे दोन लाल झालेले पाहुणे पाहिले, मेहुण्याला रामराम केला आणि बहिणीकडे वळला.

“चाल ताई. माय वाट देखी राहिनी.”

इंग्रिडबाईंना काहीतरी घडते आहे एवढे समजले. त्यांनी फोन दिपमालापुढे धरला. फोनने मराठीत विचारले की हा मोसम सर्वांत चांगला असे तुम्ही का लिहिलेत.

दिपमालाने स्वप्नीलकडे पाहिले नाही. ती फोनकडे बघून, शब्द सुटे करत बोलली. “खोटं नाही लिहिलं, बाई. पण तो मोसम इथला नाही. माझ्या माहेरचा आहे.”

फोनने ते नॉर्वेच्या भाषेत सांगितले. बाईंनी ते दोनदा ऐकले. मग नवऱ्याला काहीतरी सांगितले आणि दोघेही आत गेले. चिडले, आता वाईट लिहिणार, असे स्वप्नील आईला हळूच म्हणाला. सात मिनिटांनी दोघे आपापल्या बॅगा घेऊन बाहेर आले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

पाहुण्यांनाही आणू का, हे विचारायला भिकनने आईला फोन लावला. धुरपदाबाईंचे उत्तर फोन कानापासून लांब असूनही सगळ्यांना ऐकू आले. “यास्ले भी लई ये. निंबना झाडखाले सावली शे.”

चार वाजून चाळीस मिनिटांनी पाहुणे, दिपमाला आणि तिची बॅग घेऊन जीप निघाली. हेमांगीने दोन्ही मुलांना नव्या खोल्यांत नेले आणि भावाशी पुन्हा बोलायला लागली. स्वप्नील वेफर्सची ताटली घेऊन बराच वेळ फाटकात उभा होता. मग परदेशी पाहुण्यांची पोलिसांकडची नोंद जळगाव जिल्ह्याच्या पत्त्यावर झाली आहे आणि शिंदखेडा धुळे जिल्ह्यात आहे, हे त्याच्या ध्यानात आले. ती बदलण्यात त्याची आखाजी गेली.

शिंदखेड्याचे वर्तमान फोटोंतून येत राहिले. तिथे पंचेचाळीस होते. इंग्रिडबाई नऊवारीत झोक्यावर. इंग्रिडबाई आमरसाच्या तिसऱ्या वाटीसह. आखाजीला पुरुष निंबाखाली उघड पत्ते खेळतात. ओलावसाहेबांनी पहिले दोन तास फक्त नियम वहीत उतरवले, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सगळ्यांनी डावावर लावलेल्या शेंगा जिंकल्या. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात दिपमाला होती, आणि एकाही फोटोत तिच्या हातात काम नव्हते.

तीन मेला हेमांगी धुळ्याला परतली. चार मेला मुक्काम संपत होता, पाहुणे दिपमालासह परतायचे होते. त्या दिवशी सकाळी विनंती आली, मुक्काम आठ दिवसांनी वाढवावा. कारणाच्या रकान्यात लिहिले होते: ‘कुरडया वाळायच्या आहेत.’ स्वप्नीलने मान्य केले. नाकारण्यासारखे कारण नव्हते. कागदोपत्री असोद्याच्या दोन्ही खोल्या भरलेल्या होत्या, आणि यजमानीण सतत पाहुण्यांजवळ असेल, हे त्यानेच आपल्या पानावर ठळक अक्षरांत छापले होते.

यशोदाबाईंनी पापडाचे पीठ दोन दिवस थांबवले. तिसऱ्या दिवशी त्यांनी लाटणे मुलाच्या हातात दिले. त्याने लाटलेले पहिले अकरा पापड ओलावसाहेबांनीही नकाशा म्हणून नाकारले असते. एकोणिसावा बरा आला.

बारा मेला मुक्काम पुन्हा आठ दिवसांनी वाढला. या वेळी कारणाचा रकाना कोरा होता. विनंतीच्या शेवटी मात्र ‘आपली आभारी’ असे होते, तेही शुद्ध मराठीत. ही विनंती पाहुण्यांनी केली, की यजमानीणबाईंनी त्यांना सुचवली, हे स्वप्नीलने शिंदखेड्याला फोन करून विचारायचे ठरवले. फोन धुरपदाबाईंनी उचलला.

“जावईबापू, पोर झोकावर शे. उतरनी का सांगसू.”

चौदा मे, सायंकाळी सात वाजेपर्यंत ती उतरल्याचे कळलेले नाही.